गोणपाट पांघरलेली भिंत

यंदा गणपतीत आमच्याकडे दर्शनाला आलेल्या बहुतेकांनी आरतीआधी एकच प्रश्न विचारला, "तुमच्या घराला झालंय काय?" बाजूची अख्खी भिंत जोत्यापासून छपरापर्यंत ओल्या गोणपाटाने झाकलेली होती आणि पुढे परांची उभी होती. कोणाला वाटलं वाळवीचं औषध फवारलंय, कोणाला वाटलं घर विकायला काढलंय. एका चिमुरडीने तर "घराला सर्दी झाली का?" असं विचारलं, आणि खरं सांगायचं तर तिचाच अंदाज सगळ्यांत जवळचा होता. मोदक वाढता वाढता आम्ही प्रत्येकाला थोडं थोडं सांगितलं. संपादकांच्या कानावर ते तुकडे गेले आणि "आता लिहूनच द्या" असा हुकूम झाला. भिंतीचा फोटोही मागितला होता, पण आपल्या अंकाच्या झेरॉक्समध्ये तो नुसता काळा चौकोन येतो हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून दिलेला नाही.

आमचं घर लीड्समधलं, लाल विटांचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं, रांगेतलं शेवटचं. शेवटचं असल्यामुळे एक अख्खी बाजू वाऱ्यापावसाला उघडी. १९८४ साली घेतलं तेव्हा स्वस्त का मिळालं हे आम्हाला कळलं नव्हतं. पहिली काही वर्षं सेंट्रल हीटिंग, मुलांच्या शाळा आणि गाडीचे हप्ते यांतच गेली. १९९१ साली एका कंत्राटदाराने दारातून पत्रक टाकलं: जुन्या विटांचे सांधे नव्याने भरून देऊ, पुढची तीस वर्षं बघायला नको. आम्ही सांधे बोटाने खरवडून पाहिले, पिवळट भुकटी हातात आली. म्हटलं, हे कसलं बांधकाम! नखाने निघतंय. कंत्राटदाराच्या माणसांनी कटरने सांधे कापले, त्यांत सिमेंट भरलं आणि तीन दिवसांत काम उरकलं. भिंतीवर अशा रेखीव करड्या रेघा उमटल्या की जणू आलेखाचा कागदच. आम्ही भिंतीपुढे उभं राहून फोटो काढून घेतला आणि गावी पाठवला. पुढे जे झालं त्याला हा फोटोही थोडा कारणीभूत आहे, पण ते नंतर.

काही वर्षांनी मागच्या खोलीतल्या कपाटामागे ओल आली. मग भिंतीला लोणा लागला, रंगाचे पोपडे सुटले आणि बाहेरून विटांचे चेहरेच गळून पडायला लागले. सांध्यातल्या करड्या रेघा मात्र जशाच्या तशा. विटा आत झिजत गेल्या आणि सिमेंट बाहेर राहिलं, एखाद्या हाडकुळ्या माणसाच्या फासळ्यांसारखं. आम्ही आतून ओल-प्रतिबंधक रंग दिला. मग दुसरा, त्याहून महागडा दिला. भिंतीत औषधाची इंजेक्शनंही टोचून झाली. ओल काही हटली नाही, फक्त हातभर वर सरकली.

२०१६ साली एका सहकाऱ्याच्या ओळखीने जे मिस्त्री आले त्यांनी आयुष्यभर चर्चच्या आणि जुन्या घरांच्या भिंती दुरुस्त केल्या होत्या. वय सत्तरीकडे झुकलेलं. या भागातल्या रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांनाही ते 'लव्ह' म्हणतात. पहिल्या दिवशी आम्ही थोडे गोरेमोरे झालो. त्यांनी हत्यार बाहेर काढलंच नाही. अर्धा तास भिंतीला हात लावत फिरले, विटेवर बोटाने पाणी शिंपडून ते किती वेळात शोषलं जातं ते पाहिलं, गॅलरीच्या कोपऱ्यात १९९१ च्या तडाख्यातून सुटलेला एक मूळचा सांधा शोधला आणि त्याचा खडा दोन बोटांत चुरडून आमच्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "हा चुना आहे. तो वीटेपेक्षा मऊ असतो, आणि मऊच असायला हवा."

आम्ही दोघंही विज्ञान शिकलेली माणसं, पण हे आम्हाला कोणी कधी सांगितलं नव्हतं. जुन्या भिंतीत पोकळी नसते, ती भरीव असते. पाऊस पडला की ती थोडं पाणी पिते आणि ऊन-वारा लागला की सोडते. सोडते ती मुख्यतः सांध्यांतून, कारण चुना सच्छिद्र असतो. सांधे सिमेंटने बंद केले की पाण्याला बाहेर पडायला फक्त वीट उरते. पाणी विटेतून जाता जाता क्षार मागे टाकतं, थंडीत विटेतच गोठतं, फुगतं आणि विटेचा पापुद्रा उडवतं. शिवाय जुनं घर थंडी-उन्हाने किंचित हलत असतं. चुन्याचा सांधा त्या हालचालीबरोबर दबतो, सिमेंटचा दबत नाही, मग तुटते ती वीट. चुन्याचा सांधा शंभर वर्षांत झिजतो हे खरं, पण झिजण्यासाठीच तो तिथे असतो. सांधा पुन्हा भरता येतो, वीट पुन्हा आणता येत नाही. आम्ही नखाने भुकटी काढून हसलो होतो तो सांधा आपलं काम चोख करत होता.

चुन्याचा उद्योग मुळातच मोठा गमतीचा. चुनखडीचा दगड भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी ओतलं की तो फुसफुसतो, उकळतो, वाफा सोडतो आणि विझतो. हा विझलेला चुना वाळूत कालवून भिंतीत भरला की हवेतला तोच वायू हळूहळू परत ओढून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे दगडाचा दगडच, फक्त मधल्या काळात आपल्याला हवा तसा वळवून घेतलेला. पण या परतीच्या प्रवासाला वेळ आणि ओलावा दोन्ही लागतात. वाऱ्याने झटकन सुकला तर तो घट्ट न होता पिठासारखा होतो, आणि कोवळा असताना हिम पडलं तर फुटतो. म्हणून ते ओलं गोणपाट. आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही होसपाइपने त्यावर फवारा मारत होतो. शेजारीण म्हणाली, पावसाळी गावात राहून घराला पाणी घालणारे तुम्ही पहिलेच.

त्या मिस्त्रींनी २०१६ साली मागची भिंत केली. कटर नाही, छिन्नी-हातोडीने एकेक सांधा मोकळा केला, सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल. धूळ काढली, विटा भिजवल्या, एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असा माल अरुंद थापीने दाबून दाबून भरला आणि थोडा आवळल्यावर राठ ब्रशने ठोकला, म्हणजे तोंड उघडं राहतं आणि हवा आत जाते. कंत्राटदाराने तीन दिवसांत संपवलेल्या कामाच्या निम्म्या भिंतीला यांना तीन आठवडे लागले. पैसेही अर्थातच तसेच लागले, आणि वर व्हॅट. या देशात नवं घर बांधलं तर त्यावर व्हॅट शून्य आणि जुनं जपलं तर वीस टक्के, हा न्याय आम्हाला अजून कळलेला नाही. पण पुढच्या दोन हिवाळ्यांत कपाटामागची ओल गेली. रंगाने नाही गेली, औषधाने नाही गेली, वाट मोकळी केल्याने गेली.

यात आमच्या लीड्सचा हात किती आहे हे कळल्यावर तर आम्ही थक्क झालो. ज्याने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं तो जोसेफ ॲस्पडिन लीड्सचा वीटकाम करणारा गवंडीच. आणि त्याच्या शंभर वर्षं आधी, १७२४ साली, लीड्सजवळच्या ऑस्टहॉर्पला जन्मलेल्या जॉन स्मीटनने एडिस्टोनचं दीपगृह बांधताना शोधून काढलं की ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचा चुना पाण्यातही घट्ट होतो. ते दीपगृह १७५९ साली उजळलं. म्हणजे रोगही इथलाच आणि औषधही इथलंच. अर्थात सिमेंटला रोग म्हणणं अन्यायाचं आहे. कोथरूडमधला आमचा फ्लॅट सिमेंटवरच उभा आहे आणि ठणठणीत आहे. भांडण सिमेंटशी नाही, ते कुठे लावलं याच्याशी आहे.

इंग्रजांनाही हे शहाणपण उपजत नव्हतं. विल्यम मॉरिस आणि फिलिप वेब यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती याच रागातून, की 'जीर्णोद्धार' म्हणून लोक जुन्या चर्चच्या भिंती खरवडून नव्यासारख्या करत होते. या खरवडण्याला विरोध म्हणून संस्थेला थट्टेचं नावही पडलं, 'अँटी-स्क्रेप'. त्यांचं म्हणणं साधं होतं: नवं करू नका, डागडुजी करा, तीही वेळच्या वेळी. एवढं होऊनही विसाव्या शतकात इथले गवंडी चुना जवळजवळ विसरले. १९७० च्या दशकात वेल्स कॅथीड्रलच्या दर्शनी मूर्तींवर रॉबर्ट बेकर यांनी पुन्हा चुन्याने काम करून दाखवलं, तेव्हा कुठे ती विद्या परत फिरली. आणि यॉर्क मिन्स्टर तर आपल्या घरचंच. ९ जुलै १९८४ च्या पहाटे त्याचं दक्षिणेकडचं छप्पर जळलं, चार वर्षांनी ते पुन्हा उभं राहिलं. तिथे चर्चचे स्वतःचे दगडकाम करणारे कारागीर आहेत, स्वतःचं आवार आहे. दगड घडवणारा वेगळा आणि भिंतीत बसवणारा वेगळा. आपल्याकडे पाथरवट आणि गवंडी, तसंच.

आता त्या फोटोकडे येतो.

आमचा वाडा वाईजवळच्या एका गावात आहे. फार मोठा नाही: पुढे ओटी, मग माजघर, देवघर, मागे गोठा. खाली काळ्या दगडाचं जोतं आणि भिंती, वर विटा आणि मातीचा गिलावा, मधे सागवानी खांब. तो भाग चांगल्या गवंड्यांचा. वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. १७६२ चं काम. आमच्या वाड्याची डागडुजी करायला लहानपणी जे गवंडी येत त्यांना आम्ही मिस्त्रीकाका म्हणत असू. कमरेला ओळंबा, हातात थापी, कानाला विडी. रानातली चुनखडीची ढेकळं भाजून, विझवून, खड्ड्यात मुरवून ते चुना करत. गूळपाणी आणि बेलफळाचा गर त्यात पडे, आणि आम्ही पोरं गुळाच्या ढेपेभोवती घुटमळत असू. त्यांच्या वडिलांच्या काळी चुना बैलाच्या घाणीत मळत, गोल चरातून दगडी चाक फिरवून. अशा घाणी आपल्या कित्येक किल्ल्यांवर अजून दिसतात. ट्रेकला जाणारी मुलं त्यावर बसून डबे खातात.

१९९२ साली आम्ही गावी गेलो तेव्हा आमच्या लीड्सच्या भिंतीचा फोटो ओटीवर सगळ्यांनी पाहिलेला होता. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, आपल्या भिंतीचं पण असंच करायचं का? दर वर्षी सारवून कंबर मोडते." आम्ही तिथल्या तिथे पैसे द्यायचं कबूल केलं. परदेशातून काहीतरी भरीव केल्याचं समाधान वाटलं. मिस्त्रीकाकांना बोलावलं. ते भिंतीशी जाऊन उभे राहिले, हात फिरवला आणि म्हणाले, "सिमेंट मी लावतो की. शाळेला लावलं, पंचायतीला लावलं. पण ह्या भिंतीला नको. हिच्या पोटात माती हाय. पानी आत जाईल, आन् भायेर यायला वाट न्हाई." आम्ही हसलो. काका, आता काळ बदललाय, असं काहीतरी म्हणालोही. ते पुढे बोलले नाहीत. काम दुसऱ्यांनी केलं. दिवाळीला फोटो आला; भिंत गुळगुळीत, करडी, नव्यासारखी. तो फोटो आम्ही मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात अभिमानाने फिरवला होता. काहींना आठवत असेल.

मिस्त्रीकाका २००३ साली गेले. २०१६ साली आमच्या मागच्या दारी इंग्लिश मिस्त्रींनी तोच खुलासा दुसऱ्या भाषेत केला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे पाहिलं नाही. त्या रात्री गावी फोन करायला हवा होता. केला नाही. भिंत उभी होती, चोवीस वर्षं उभी होती. उगाच कशाला, असं म्हणून गप्प बसलो. याची टोचणी अजून आहे.

२०२१ च्या जुलैत सातारा जिल्ह्यात तो भयंकर पाऊस झाला त्या रात्री गोठ्याकडची भिंत बसली. आधी दोन वर्षं तिला पोट आलं होतं, असं नंतर कळलं. सिमेंटच्या गिलाव्याला केसाएवढ्या भेगा पडलेल्या, त्यांतून पाणी आत शिरत राहिलं, आतला मातीचा भराव लगदा झाला. गोठा रिकामा होता म्हणून जीवहानी टळली. चुलतभावाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. गिलाव्याची अख्खीच्या अख्खी ताटं जमिनीवर पडली होती, मोडलेल्या पापडासारखी, तशीच गुळगुळीत.

त्याला खांब-स्लॅब घालून सगळंच नवं करायचं होतं. आम्ही चुन्याबद्दल बोलायला लागलो. चार-पाच मिनिटं त्याने ऐकून घेतलं आणि मग शांतपणे म्हणाला, "दादा, वहिनी, तेव्हा सिमेंटचे पैसे तुम्हीच पाठवलेत. आता चुन्याचं प्रवचन पण तुमचंच? तुम्ही तीन वर्षांतून एकदा येणार. ओल्या भिंतीला पाठ लावून झोपतो आम्ही." आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. वाड्यात सात वाटण्या आहेत, त्यांतल्या चार घरांना तिथे रोज राहायचं नाही आणि मत मात्र द्यायचं असतं. आम्ही त्या चारांतलेच.

शेवटी असं ठरलं. मागे, जिथे भिंत पडली, तिथे चुलतभावाच्या कुटुंबासाठी दोन पक्क्या खोल्या आणि न्हाणीघर, खांब-स्लॅबचं. त्यात आम्ही एक शब्द बोललो नाही, फक्त आमचा वाटा दिला. पुढचं जुनं अंग, म्हणजे ओटी, माजघर आणि देवघर, यांचं सिमेंट काढून चुन्यात करायचं. त्याचा खर्च आमचा आणि देखरेख चुलतभावाची. हे दुसरं कलम त्याने कपाळाला आठ्या घालून मान्य केलं. कारागीर शोधायलाच वर्ष गेलं. मिस्त्रीकाकांचा मुलगा बिल्डिंगच्या कामावर राबला, नातू पुण्यात फरश्या बसवतो. मजुरी रोज मिळते ती फरशीत, चुन्याच्या आशेवर कोण बसणार? पण हा नातू लहानपणी आजोबांच्या हाताखाली चुना ढवळलेला. पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीवर काम केलेले दोघे त्याने जमवले आणि सुट्ट्या काढून तो स्वतः आला. घाणी नाही, बैल नाही. मोटरवर फिरणाऱ्या चक्कीत चुना मळला. गूळ मात्र पडला, आणि चुलतभावाच्या नातवंडांनी खाल्लाही.

सिमेंट काढताना वरच्या विटांचे चेहरे बरेच गेले, ते टाळता आलं नाही. खालचा काळा दगड मात्र धडधाकट निघाला, टाकीचे घाव अजून मोजता येतील असे. देवघराच्या कोपऱ्यात सिमेंट पोहोचलंच नव्हतं. तिथे जुन्या चुन्यात दगडाच्या चिपा आणि खापऱ्यांचे तुकडे ठासून बसवलेले होते आणि सांध्यावर ओळीने अंगठ्याचे ठसे होते. नातवाने फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, "काका, हे कुणाचे सांगता येत नाही. आजोबांचे पण असतील." त्याने तो कोपरा तसाच सोडलाय. आम्ही सांगितलं नव्हतं.

ओटी गेल्या उन्हाळ्यात झाली, माजघर अर्धं राहिलंय. चुलतभाऊ फोनवर अजून तक्रार करतो, की चुना फार वेळ घेतो, पावसाआधी होणार नाही, आणि एवढ्या पैशांत गावाबाहेर बंगला झाला असता. हिशेब त्याचा बरोबर आहे. मात्र परवा बोलता बोलता त्याने आपणहून सांगितलं, की तो आता दुपारी ओटीवर झोपतो.

इकडे आमची बाजूची भिंत आता पूर्ण झाली आहे. आमचे मिस्त्री परांचीवर चढत नाहीत. त्यांच्या हाताखाली तयार झालेली एक मुलगी वर काम करते आणि ते खाली खुर्चीत बसून तिला ओरडतात. कांदाभजी त्यांना फार आवडतात. गोणपाट पुढच्या आठवड्यात काढायचं आहे. मंडळातल्या ज्यांची घरं १९१९ च्या आधीची आहेत आणि कपाटामागे ओल आहे, त्यांनी निदान कटरवाल्याला होकार देण्याआधी आम्हाला एक फोन करावा, मिस्त्रींचा नंबर देऊ. फक्त ऑक्टोबरनंतर ते चुना हातात घेत नाहीत. पारा पाच अंशांखाली जाण्याची भीती असली की थापी धुऊन ठेवतात. आता नंबर लावलात तर एप्रिलमध्ये येतील.